दीड इंच खाली

रत्नागिरी,
८ जानेवारी २०२५

ती. आत्मामामास,
सानिकाचा सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मोबाइलवरचं काही वाचायचं नाही असा तुमचा हट्ट, म्हणून पेन हातात घेतलंय. जहाजाच्या इंजिनाने तुमचे कान खाल्ले, पोस्टाचं मात्र भलं झालं!

गुडघ्याचं प्लास्टर कधीच निघालं. चालते, जिने चढते. ऑगस्टात सड्यावरच्या शेवाळलेल्या कातळावर मोटरसायकलसकट पडले, तेव्हा गाडीचं उजवं फूटरेस्ट पार वाकलं. ते आता बदलायचंय. आमच्या गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरसाहेबांनी विचारलंय की एक मार्चपासून धनगरवाड्यांची फिरती घेणार, की टेबलावर बसून नोंदी करणार. टेबल नको, मामा. वरच्या वाडीला एस्टी जात नाही, आणि तिथल्या म्हशी काही माझ्या टेबलापाशी येणार नाहीत. डांबरावर आणि दगडधोंड्यांत सारखीच चालणारी गाडी मी घेतली ती त्यासाठीच.

फूटरेस्ट तीन तऱ्हेची बघितली. एक अ‍ॅल्युमिनियमचं, हलकं, गाडीला शोभेल असं निळं. दुसरं रबराचं, मूळचं होतं तसं. तिसरं स्टीलचं, रुंद आणि दातेरी, विळीच्या खवणीसारखं. माझा जीव निळ्यावर आहे. घेऊ ना? हा विषय काढला की आई उठून जाते, म्हणून तुम्हालाच विचारतेय.

मामीला नमस्कार. लोभ आहे तसा राहू दे, उत्तर मात्र लवकर येऊ दे.

तुमची सानिका


केळशी,
१५ जानेवारी

चि. सानिकास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. मामीने मला ते मोठ्याने वाचून दाखवलं, म्हणजे अर्ध्या आळीला तुझी खबर कळली.

निळं घ्यायचं नाही गो. तसलं ओतीव अ‍ॅल्युमिनियम दगडावर आपटलं की वाकत नाही, सरळ तुटतं. रबर ओलं झालं की बूट सटकतो, ते तुला मी सांगायला नको. स्टीलचं दातेरी घे, पण स्टेनलेस. आपल्या खाऱ्या हवेत साधं लोखंड दोन पावसाळे काढत नाही. आणि वर दुमडणारं बघ, म्हणजे दगडाची ठोकर लागली तर ते उचललं जाईल, गाडी आडवी होणार नाही.

आता मुद्द्याचं. तुझा उजवा गुडघा पुरता दुमडत नाही असं तुझ्या आईने मागे कळवलं होतं. मग उजवं फूटरेस्ट जुन्या उंचीवर चालायचं नाही. ते खाली उतरवायला ब्रॅकेट मी करून देतो. ब्रेकचं पेडलही तेवढंच खाली घ्यावं लागेल. तू बाकावर बस, उजव्या पायाखाली फळ्या रचत जा, गुडघा कुरकुरला की थांब आणि बाकापासून फळीपर्यंत माप घे. मग डाव्याचं घे. दोहोंत जेवढा फरक, तेवढं ब्रॅकेट. मापात लबाडी नको. ठणकणाऱ्या गुडघ्याने उतारावर ब्रेक वेळेत दाबला जात नाही.

जिवाला जप, आणि या बहिऱ्यावर माया असू दे.

तुझा आत्मामामा


रत्नागिरी,
१९ जानेवारी

ती. दादास,
सगुणाचा सा. न.

तू सानिकाला लिहिलेलं पत्र मी वाचलं. तिने ते उशीखाली ठेवलं होतं, पण या घरातल्या उशा मीच झटकते.

दादा, तिला काही करून देऊ नकोस. ऑगस्टात चार माणसांनी तिला डोलीतून खाली आणली, तेव्हा तू केळशीत होतास आणि मी दारात होते. ती माझं ऐकत नाही, तुझं ऐकते. ब्रॅकेट जमत नाही, माल मिळत नाही, असं काहीतरी लिहून टाक. टेबलावर बसून कुणाचं वाईट झालंय? मला भीती वाटते, दुसरं काही नाही.

वहिनीला नमस्कार. बहिणीवर जीव असेल तर एवढा शब्द राख.

तुझी सगुणा


केळशी,
२३ जानेवारी

चि. सौ. सगुणास,
अ. आ.

तुझी भीती खरी आहे, पण मी खोटं लिहिणार नाही. मी नाही म्हटलं तर ती ते निळं बसवून जाईल. तुझीच मुलगी ती! शिवणाचं मशीन हवं म्हणून तू दोन दिवस जेवली नव्हतीस, तेव्हा बाबांनी कुठे अडवलं तुला? तिला थांबवायचं असेल तर तोंडावर सांग. माझ्या आडून नको.

मी मापाची वाट बघतोय. रागावलीस तरी लोभ सोडू नकोस.

तुझा दादा


रत्नागिरी,
२७ जानेवारी

ती. मामास,
सा. न.

तुमचं ऐकलं. निळ्याचा हट्ट सोडला, स्टेनलेसची दातेरी जोडी मागवलीय. माप घेतलं. डावा सतरा इंच, उजवा साडेसतरा. अर्ध्या इंचाने काय होतंय? ब्रॅकेट नकोच. एक वर आणि एक खाली अशी गाडी घेऊन वाडीत गेले तर पोरं विचारतील, ताई, गाडीचाही पाय मोडला का म्हणून.

ऑगस्टपासून जो तो आधी माझ्या पायाकडे बघतो आणि मग तोंडाकडे. मला कंटाळा आलाय त्याचा. सगळं पूर्वीसारखं हवंय, मामा. एवढं ऐका.

लोभ वाढवा, ब्रॅकेट राहू द्या.

तुमची सानिका


रत्नागिरी,
३० जानेवारी

ती. दादास,
सा. न.

सानिकाचं पत्र टपालात पडायच्या आधी मी वाचलं. तिने तुला कळवलेलं माप खोटं आहे. इतकी वर्षं मी ब्लाऊज शिवतेय. कंबर दोन इंच कमी सांगायची आणि मग शिवण उसवली म्हणून भांडायला यायचं, असल्या बायका मला उंबऱ्यातच ओळखू येतात. ही त्यांतलीच.

रोज संध्याकाळी मी तिच्या गुडघ्याला तेल लावते आणि पाय हळूहळू दुमडते. ती हूं की चूं करत नाही, पण दुखलं की तिच्या पायाचा अंगठा आत वळतो. काल तिला बाकावर बसवलं. नव्या सलवारीचं माप घेतेय असं सांगितलं, पायाखाली पाटावर फळी चढवली आणि अंगठा वळला तिथे थांबले. टेप गळ्यात होतीच. फरक अर्ध्या इंचाचा नाही, दीड इंचाचा आहे.

तू म्हणालास तसं तोंडावरही सांगितलं, की जाऊ नकोस, मला भीती वाटते. ती म्हणाली, भीती तिलाही वाटते, पण टेबलावर बसली तर ती भीती जन्मभर तिच्या शेजारी बसेल. तिने गाडीवर बसू नये असं मला आजही वाटतं. पण जायचीच असेल तर खोट्या मापावर नको. दीड इंच खाली घे, दादा. आणि मजबूत कर.

आपला लोभ आहेच, तो कामात दिसू दे.

तुझी सगुणा


रत्नागिरी,
२ मार्च

ती. दादास,
सा. न.

तुझं ब्रॅकेट एस्टीच्या पार्सलने पोचलं. गॅरेजवाल्या गौरव मेस्त्रीने ते गुरुवारी बसवलं, ब्रेकचं पेडलही खाली घेतलं. सानिकाने गाडीच्या दोन्ही बाजू बघितल्या, मग माझ्या गळ्यातल्या टेपकडे बघितलं. दोन दिवस अबोला होता. नवी सलवार कुठे आहे, एवढं मात्र एकदा विचारलंन.

काल सकाळी ती निघाली. मी तिला न सांगता आडवाटेने वरच्या वळणापर्यंत गेले. डांबर संपून नुसता जांभा दगड सुरू होतो, तिथे गडग्याच्या दगडी बांधाशी उभी राहिले. गाडी आली, दगडांत शिरली, आणि एकाएकी ती सीटवरून वर उठली. मला वाटलं, उडाली! मी ओरडलेच. पण ती पडत नव्हती, दादा. फूटरेस्टवर उभी राहिली होती. डावा पाय जरा वाकलेला, उजवा सरळ, आणि भार सगळा उजव्यावर. घरात चालतानाही ती त्या पायावर इतका भार देत नाही. दगड संपेपर्यंत तशीच उभ्याने गेली. मी गडग्यावर बसून रडून घेतलं आणि घरी आले.

संध्याकाळी ती परत आली. बाकावर बसली, पाय माझ्यापुढे केला आणि तेल लाव म्हणाली. मी विचारलं, दुखतोय का. या वेळी तिने खरं सांगितलं. दुखतोय म्हणाली.

वहिनीला नमस्कार. लोभ राहू दे, आणि एकदा येऊन तिला उभी राहिलेली बघून जा.

तुझी सगुणा