तांबड्या शाईची रेघ

नाशिक, मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १८५६

आज सरांचा तेरावा. त्यांच्या घरून निघताना काकूंनी सरांनी लिहिलेलं इतिहासाचं पुस्तक हातात ठेवलं. "यात तुझं नाव घातलंय त्यांनी," म्हणाल्या.

घरी येऊन उघडलं. एका जुन्या पत्राच्या तारखेवर तांबड्या शाईची वाकडी रेघ. शेजारी सरांच्या थरथरत्या अक्षरात: 'चि. विनायकाने चूक दाखवली. पुढील आवृत्तीत त्याची तारीख घालणे.'

तीन वर्षांपूर्वी सरांच्या व्याख्यानात मीच भर सभेत उठून म्हटलं होतं, "सर, ही तारीख एका वर्षाने चुकली आहे." त्यांची दृष्टी तेव्हाच अधू झाली होती. म्हणाले, "मला आता बारीक दिसत नाही. विनायकने पाहिलंय ना? मग बरोबरच असणार." टाळ्या मात्र मला पडल्या.

आणि चूक माझीच होती! पत्रातलं अरबी साल चैत्रात नव्हे, मृग नक्षत्र लागताना, जूनच्या सुरुवातीला बदलतं, हेच मी विसरलो होतो; सरांची तारीख बरोबर होती. महिन्याभरात कळलं. मग सांगितलं का नाही? लाज वाटली? की त्या टाळ्या सोडवेनात? दर रविवारी त्यांच्याकडे चहा प्यायलो आणि गप्प बसलो.

ती रेघ पुन्हा पुन्हा पाहतोय. दोनदा खालच्या ओळीवर घसरली आहे, तिसऱ्यांदा तारखेवर बसली. पुस्तक देताना काकू म्हणाल्या होत्या, "मी रेघ मारते म्हटलं, तर ऐकेनात. म्हणाले, चूक माझी आहे, मीच खोडणार."