चाळीस आकड्यांचं कार्ड

अब्बा, तुमचं शेवटचं कार्ड आज पुन्हा काढून बसले आहे. चाळीस आकडे, खाली तुमची सही आणि कोपऱ्यात पोस्टाचा अर्धवट उमटलेला शिक्का. इतकी वर्षं झाली, त्यातलं एक अक्षर मला वाचता आलेलं नाही. येणारही नाही, कारण शिकवणारे तुम्ही होतात.

फौजेत तुम्ही गुप्त संदेश लिहिण्याच्या कामावर होतात, मग देहूरोडच्या डेपोत लागलात. मी पुण्याला होस्टेलवर जाणार असं ठरलं आणि तिथल्या रेक्टरबाई मुलींची पत्रं आधी स्वतः वाचतात हे कळलं, तेव्हा तुम्ही कार्ल्याच्या आपल्या स्वयंपाकघरात चिक्कीचा रिकामा डबा घेऊन बसलात. त्यात जुन्या वर्दीची दहा बटणं, प्रत्येकावर रंगानं एकेक आकडा, शून्य ते नऊ. डबा हलवायचा, न बघता बटण काढायचं, आकडा लिहायचा, बटण परत आत टाकून पुन्हा हलवायचं. खाली कार्बन पेपर, म्हणजे वही एकदम दोन प्रतींत तयार. एक तुमची, एक माझी. अम्मी भाकरी थापता थापता म्हणायची, "बाप-लेकीनं काय खेळ मांडलाय! जेवायला तरी उठा आता."

अक्षरांचा तक्ता तुम्ही फडताळाच्या दारावर उघडाच चिकटवला होता. प्रत्येक अक्षराला, काना-मात्रेला, मोकळ्या जागेलासुद्धा दोन आकडे. क म्हणजे एकवीस. वहीतले पुढचे दोन आकडे आठ आणि चार असले तर ते त्यात मिळवायचे. "दोन अन आठ धा, तर शून्य लिव्ह. हातचा घ्यायचा न्हाई. एक अन चार पाच." कार्डावर जाणार शून्य-पाच. तुम्ही तुमच्या प्रतीतले तेच आकडे वजा करणार, की क परत हजर.

"पण अब्बा, कुणी हुशार माणसानं ओळखलं तर?"

"कशावरनं वळखंल? वहीत आठ-चार असंल तर क, सहा-तीन असंल तर म. शून्य-पाच दोगांचंबी तेवढंच हाय. वही न्हाई, तर काय बी न्हाई."

मी एकदा कंटाळून दोन पानं मनानंच भरली. तुम्ही चष्मा लावून नुसती नजर फिरवलीत आणि दोन्ही पानं टराटरा फाडलीत. "अख्ख्या पानावर एक आकडा लागोपाट दोनदा आला न्हाई. बटणं असं लाजत न्हाईत. मनातनं काडलेला आकडा लगीच सापडतो, बेटा." मी रडले होते. आज माझ्या नोकरीत माणसं यंत्रांकडून असे आकडे मिळवायला जिवाचं रान करतात, तेव्हा तुमच्या त्या डब्याचा मला फार अभिमान वाटतो.

दुसरा नियम त्याहून कडक होता. पान एकदा वापरलं की जाळायचं. "एका पानावर दोन कार्डं लिव्हलीस, तर दोनी एकमेकांतनं वजा करत्यात. पान गळून पडतंय अन आपलं बोलणं उघडं व्हतंय." रेक्टरबाईंनी मला तुमचं पहिलंच कार्ड दाखवून विचारलं, "वडील मटक्याचे आकडे पाठवतात का गं?" त्यात तुम्ही विचारलं होतंत, डोक्याला तेल लावतेस की नाही.

आणि मग ती बेंगळुरूची नोकरी. तुम्ही नको म्हणालात, मी जाणारच म्हणाले, दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही ड्यूटीला गेलात आणि मी रागाच्या भरात माझी वही चुलीत घातली. कोरी, न वापरलेली पानंसुद्धा. अम्मीनं पाहिलं आणि ती भाकरी थापत राहिली. निघताना तुम्ही एवढंच म्हणालात, "कार्ड टाकीन." वही जाळल्याचं न सांगता मी मान हलवली.

कार्ड आलं. ईदला घरी जाईन तेव्हा तोंडानंच विचारू, असं मी ठरवलं. ईदच्या आधीच तुम्ही गेलात. मी आले, तुमची ट्रंक उघडली, तुमची प्रत हातात घेतली. फक्त वापरलेली पानं नव्हती, पुढची सगळी जागच्या जागी. लेकीशी भांडण झालं असतानाही तुम्ही कार्ड लिहिलंत, ते पान फाडलंत आणि जाळलंत. मला राग आला, रडू आलं, आणि खरं सांगते, तुमचं कौतुकच वाटलं.

परवा तुमची नात म्हणाली, "एवढे मोठे कॉम्प्युटर आहेत, टाक ना त्यात." तिला सांगितलं, टाकलं तर वीस खुणांत बसणारा सगळाच मजकूर बाहेर येईल. "जा बेटा, लय मोठी हो." हे निघेल, "तू चुकलीस घरी परत ये" हेही निघेल. दोन्ही सारखेच खरे दिसतील. तुम्ही मला जाऊ दिलं होतंत की नाही, हे जगातलं कुठलंच यंत्र सांगणार नाही.

हे पत्र कुठं टाकायचं ते मला माहीत नाही, म्हणून ते ट्रंकेतच ठेवते आहे, तुमच्या वहीत. सोबत एक पान आहे, आणि त्याबद्दलच कबूल करायचं होतं. ते बटणांनी काढलेलं नाही. मला हवा तो मजकूर मी आधी लिहिला आणि तुमच्या चाळीस आकड्यांतून वजा केला. जे उरलं ते गेलेल्या पानाच्या जागी चिकटवलं, म्हणजे या पानानं तुमचं कार्ड उलगडलं की माझाच मजकूर निघेल. त्यात दोन सात शेजारी शेजारी आले आहेत. तुम्ही चष्मा लावूनही पकडलं नसतंत. आशीर्वाद लिहायचं धाडस झालं नाही. मी तुमच्या तोंडी लिहिलं, "पोचलीस का जेवलीस का?" मोकळ्या जागा आणि प्रश्नचिन्ह धरून बरोब्बर वीस.