दहा मिनिटं ब्रेक दाबायला

रविवार, संध्याकाळ. आमचा बूढ़ापारा मोहल्ला.

भाषणं ठोकणाऱ्यांनो, आपली सगळ्यांची एकच तक्रार, आपलं कोणी ऐकत नाही. आणि मी कोणाचं ऐकलं? दादा त्याची जुनी स्पोर्ट्स कार दुरुस्त करताना वर्षभर म्हणत होता, "नेताबाई, ब्रेकमधली हवा काढाले दोघं लागतात. मी गाडीखाली रायतो, तू फक्त पेडल दाब." दर रविवारी मला सभा. तेवढंच काम उरलं होतं, आणि दादा गेला.

आज सभेनंतर मी पेडलवर, आणि मिस्त्री भैया गाडीखालून ओरडत होता, "दबाओ दीदी! अब छोड़ो!" दहा मिनिटं. फक्त दहा. दादाची ती दुर्मिळ स्पोर्ट्स कार इतक्या वर्षांनी रस्त्यावर आली. मी तलावापर्यंत नेली. ब्रेक छान लागतो. दोनच सीट, शेजारची रिकामी. वहिनी फाटकातून नुसती बघत राहिली.

नेताबाई, पुढच्या रविवारची सभा रद्द कर आणि वहिनीला त्या सीटवर बसव.