हीटर न मागवलेली गाडी

तीर्थस्वरूप श्रीरंगदादांस,

त्र्यंबकचा साष्टांग नमस्कार (अंग आखडल्यामुळे आठांपैकी जेवढी वाकतात तेवढ्यांचाच). तुमच्या गुडघ्याचं काय म्हणणं आहे? शरयूवहिनींची तुळस कशी आहे? हर्नडनला गारठा पडला की तुम्ही तिची कुंडी गॅरेजमध्ये नेता. तर यंदा नेलीत का, आणि नेल्यावर तिच्या शेजारी कितपत जागा उरते, हे आपलं सहज विचारतो. तुमची बहीण दीपा जर्सी सिटीत मजेत आहे, आणि हे पत्र तिला दाखवायची काही गरज नाही.

दादा, मी गाडी घेतली. नवी नव्हे. माझ्याहून वयाने मोठी, फिकट निळी, ऐसपैस अमेरिकन गाडी. रत्नागिरीला राजारामच्या सलूनमध्ये एक जुनं कॅलेंडर लटकायचं, हे मी दीपाला लग्नापासून सांगत आलो आहे (तुम्हालाही सांगितलंय, पण तुमचा डोळा लागला होता). त्या कॅलेंडरात हीच गाडी बर्फात उभी होती आणि आत एक बाई बिनबाह्यांच्या झग्यात हसत बसली होती. त्यावरून अमेरिकेतला बर्फ कोमट असतो अशी माझी समजूत झाली. केस कापून झाले तरी मी खुर्चीवरून उठत नसे. ती गाडी मला जन्मभर हवी होती, हे आता सरळच सांगतो. पन्नाशी उलटल्यावर लाजायचं कशाला?

तर तिकडे जॉर्जियात, अल्फारेटाला माझा मित्र गुरुनाथ राहतो, त्याची मुलगी अनिका. जन्माने इथलीच. जुन्या गाड्या दुरुस्त करण्याचं तिचं वर्कशॉप आहे (गुरुनाथ अजून लोकांना ती ‘इंजिनिअर आहे’ एवढंच सांगतो). तिथे ही गाडी दिसली आणि माझे कानच मिटले. ती बिचारी समजावत होती, की त्या काळी लोक कोणकोणत्या वस्तू हव्यात ते सांगून गाडी बनवून घ्यायचे, म्हणून एकच मॉडेल प्रांताप्रांतात वेगळं निघायचं. उत्तरेकडचे लोक हीटर आणि दणकट बॅटरी मागायचे, डोंगरातले ताकदीचं इंजिन, आणि कॅलिफोर्नियात धुराचे नियम कडक, म्हणून कधीकधी तिथलं इंजिनच निराळं. आपल्या आमटीसारखं, नाव तेच पण कोल्हापूरची वेगळी आणि पुण्याची वेगळी. आणि ही होती फ्लोरिडाची. “काका, धिस वन हॅज नो हीटर. इंजिन पण स्मॉल आहे, फ्लॅट रोड्ससाठी. एप्रिलमध्ये न्या ना.” जी वस्तू गाडीत नाहीच ती बिघडणार कशी, असा मी कोकणी विचार केला. शिवाय त्या दिवशी दिवाळीचा पाडवा होता, साडेतीन मुहूर्तांतला अर्धा. तर म्हणते, “बट गुढीपाडवा इज अ फुल वन, राइट?” या पोरीला एवढं ठाऊक असेल अशी माझी अपेक्षा नव्हती. पण तोवर दीपाला कळलं असतं. म्हणून मी नारळ वाढवला, चाकांखाली लिंबं ठेवली आणि निघालो.

जॉर्जियात ऊन होतं. समोर लांबच लांब निळं बॉनेट आणि त्यात ढग सरकताना दिसत होते, त्यामुळे आपण रस्त्यावरून चाललोय की वरून, हे मला नीटसं कळत नव्हतं. हिची ऑर्डर कोणी दिली असेल, याचा मी विचार करत होतो. समुद्राकाठची एखादी शाळेतली बाई असेल. विकणाऱ्याने विचारलं असेल, हीटर लावायचा का? तेव्हा ती खिडकीबाहेर बघून नुसती हसली असेल. तिच्या जगात हिवाळा नव्हताच, दादा. मी मैलोगणती त्या बाईच्या उन्हात होतो. तुमच्या व्हर्जिनियातले चढ लागले तशी गाडीला धाप लागली आणि मला हुडहुडी भरली. ट्रक तर पुढे गेलेच, पण एक स्कूल बससुद्धा गेली (आतली मुलं हात हलवत होती, मीही हलवला). काचेवर माझ्याच श्वासाचं धुकं धरत होतं. ते एका हाताने पुसत, कानटोपी घालून, गुरुनाथच्या बायकोने दिलेला चिवड्याचा डबा पोटाशी धरून मी येत होतो.

जिथे हीटरचं बटण असायला हवं तिथे डॅशबोर्डवर एक गुळगुळीत पत्रा बसवलेला आहे. त्यावरून बोट फिरवलं आणि वाटलं, ही माझीच आहे. मीही या देशात असाच आलो. रत्नागिरीत स्वेटर म्हणजे आजारी माणसाचा पोशाख. इतकी वर्षं बाहेरून कोट चढवतोय, मोजे चढवतोय, पण आत कुठेतरी तो पत्रा आहेच. दर हिवाळ्यात मला थोडं रडू येतं, दादा. दीपाला वाटतं सर्दी आहे.

असो. वहिनींना नमस्कार. गुडघ्याला जपा.

आपला,
त्र्यंबक

ता. क. आमच्या इमारतीत गाडीला जागा नाही, आणि रस्त्यावर बर्फासाठी मीठ टाकतात ते हिचा पत्रा खाऊन टाकेल. गुढीपाडव्यापर्यंत हिला तुळशीशेजारी ठेवून घ्याल का? दोघीही उबदार मुलखातल्या, एकमेकींना सोबत होईल. दीपाला मी योग्य वेळी सांगेन.

ता. क. २ पत्र पोस्टाने न येता वायपरखाली कसं, असं तुम्हाला वाटलं असेल. गाडी तुमच्या दारातच उभी आहे. तुम्ही दोघं बाहेर गेलेले दिसता. मी मागच्या सीटवर शाल पांघरून पडलो आहे. आधी चहा टाका, मग रागवा.

ता. क. ३ पत्र वायपरखालून परत काढून लिहितोय. तुमच्या दारावरच्या घंटीत कॅमेरा आहे आणि दारात कोण आलं ते तुम्हाला फोनवर दिसतं, हे मी साफ विसरलो. दीपाचा मेसेज आला, “दादाने फोटो पाठवलाय. ही सलूनमधली ना?” मी हो म्हटलं. बॉनेटवरचे ढग बघत बसलो. तिचा दुसरा मेसेज आत्ता आला, “सुंदर आहे रे. उद्याच्या ट्रेनने मी येते दादाकडे. परत तिच्यातूनच जाऊ आपण दोघं. हीटर आहे ना?”

याचं उत्तर, दादा, तुम्हीच द्या. मी झोपलो आहे.