जिन्यातला बल्ब

घरमालकीण काकू,

हे पत्र मी टाकणार नाही. पण सांगावं असं तुमच्याशिवाय दुसरं कुणी सुचलं नाही.

आमचं भाडं थकलं की तुम्ही जिन्यातला बल्ब काढून न्यायच्या. त्याच अंधारात माझी आई बादलीसकट पडली आणि मरेपर्यंत लंगडत चालली. मी तुम्हाला शिव्याशाप दिले. तुम्ही आपल्या ठणठणीत राहिलात.

आता मीही घरमालकीण झालेय. निवृत्तीचे सगळे पैसे घालून घर घेतलं आणि वरची खोली एका कंपाउंडरला दिली. तीन महिने भाड्याचा पत्ता नाही. दारात त्याच्या चपला दिसत असतात आणि त्याची म्हातारी आई मला सांगते, "तो घरात नाहीये हो." हे वाक्य मला तोंडपाठ आहे. माझी आई तुम्हाला हेच सांगायची.

काल संध्याकाळी माझं डोकं फिरलं. स्टूल घेऊन जिन्यात गेले, वर चढले आणि बल्बला हात घातला. स्टूल डुगडुगायला लागलं. तेवढ्यात म्हातारी कठडा धरत खाली आली आणि तिने दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरलं.

"सावकाश गं पोरी, पडशील," ती म्हणाली. "नवा लावतेयस का?"

मी हो म्हणाले.

काढलेला बल्ब माझ्यासमोर टेबलावर आहे, जिन्यात अजून अंधारच आहे. जिन्यात तिची पावलं वाजली की मी श्वास रोखून पायऱ्या मोजते. काकू, तुम्हीही मोजायच्या का?

तुमच्या वरच्या खोलीतली,
आता खालच्या मजल्यावरची