चटईखाली एकटा

आदरणीय थोरले काका,

घराण्याच्या प्रमुखासमोर डोकं वर काढू नये, म्हणून मी खाली जमिनीवर बसून हे लिहितोय (अक्षर वाकडं आलंय ते त्यामुळे). काकूंची प्रकृती बरी असावी. तुमचा उजवा गुडघा कसा आहे? मांडी घालता येते का? घातली तर किती वेळ टिकते? या गुडघ्याची मला मनापासून काळजी वाटते.

कॉलेजातले गणिताचे सर मला हसले म्हणून मी कॉलेज सोडलं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. गावात परतल्यावर सिएनी (आमच्या शाळेतली गणिताची बाई, तोएलुपेंची धाकटी मुलगी, आणि यापुढे काय लिहू) मला संध्याकाळी ओसरीवर पहिल्यापासून शिकवू लागली. क्ष अधिक सात बरोबर बारा. ती म्हणायची, क्षला काय केलंय ते आधी विचार, मग त्याच्या उलट कर, आणि दोन्ही बाजूंना कर. सात मिळवलेत, तर दोन्हीकडून सात काढ. क्ष पाच होऊन मोकळा. काका, त्या पाचाइतकं सुखी मी कोणालाच पाहिलेलं नाही.

मग क्रिकेटचा सामना आला. पंच सिएनीचे वडील, तोएलुपे. त्यांनी मला आऊट दिलं. मी दोन्ही गावांसमोर म्हणालो, की नारळाला तीन डोळे असतात आणि तो बिचारा काही बोलत नाही. तुम्हाला दोन, त्यातला एकही चालत नाही, आणि तुम्ही बोट वर करता! लोक हसले. तोएलुपे हसले नाहीत. त्या संध्याकाळपासून ओसरी मला बंद.

मी तारोच्या कंदांची टोपली नि एक डुकराचं पिल्लू घेऊन त्यांच्या मागच्या दारी गुपचूप ठेवून आलो. दोन्ही परत आली (पिल्लू आपणहून, टोपली माझ्या डोक्यावरून उडत). शाळेच्या कुंपणापाशी सिएनी म्हणाली, "अरे शहाण्या, एकदा बोललास, पण जितक्यांनी ऐकलं तितक्यांनी ते घरी नेलं. हा गुणाकार झाला. मागच्या दाराने वजाबाकी करून गुणाकार सुटतो का? चारचौघांत केलंस, चारचौघांतच उलट कर."

तेव्हा मी माफी मागायला आपल्या रीतीप्रमाणे भल्या पहाटे त्यांच्या अंगणात चटई पांघरून मान खाली घालून बसलो. (चटई माझी झोपायचीच होती; घरची मानाची, बारीक विणीची, ती तर काकूंच्या गादीखाली असते.) ऊन चढलं. कोंबड्या पाठीवर चढल्या. गाव जमलं, आणि कोणी हसलं नाही, हे फार वाईट. शेवटी तोएलुपे बाहेर आले. त्यांनी चटई उचलली असती तर माफी झाली असती. त्यांनी काठीने तिची कड जराशी वर केली, आत पाहिलं, आणि खाली सोडली.

"खाली घराण्याचा प्रमुख कुठाय?"

"मी एकटाच आहे," मी आतून म्हणालो.

"मग ही माफी नाही, पोरा. ही डुलकी आहे."

त्यांच्या मागून सिएनीचा रडवेला आवाज आला, "दोन्ही बाजूंना कर म्हटलं होतं ना रे!" तेव्हा मला कळलं. मी ज्यांना बोललो ते एक अख्खं घराणं होतं. माझ्या बाजूला नुसता मी. माझी बाजू रिकामी होती, काका. सिएनी अजून ओसरीवरून माझ्याकडे बघत नाही. वडिलांनी मला माफ केलं नाही, तर ती त्यांचा शब्द मोडणार नाही. मला ठाऊक आहे.

काकूंना नमस्कार. गुडघ्याला रोज खोबरेल चोळावं.

तुमचा पुतण्या,
पेनिआमिना

ता. क. तुम्ही येऊन एक सकाळभर माझ्या शेजारी चटईखाली बसाल का? मानाची चटई आणा. काकूंनी ती स्वतःच्या अंत्यविधीसाठी ठेवलीय हे मला माहीत आहे. त्यांना माझ्या लग्नाचं सांगा.

आणखी ता. क. शुक्रवारची बोट धरा, शनिवारी पहाटे बसू. तुम्ही येताय असं मी तोएलुपेंना कळवून टाकलंय.

शेवटचं ता. क. हे पत्र सिएनीने शाळेतल्या एका पोरीकडून मागवून तपासलं. ती लिहिते, उत्तर आलं म्हणून हुरळू नकोस. ते मूळ समीकरणात परत घालून पडताळा घ्यावा लागतो. शनिवारीच दुपारी पुन्हा सामना आहे, पंच तेच. मी तोंड मिटून बसेन. पण काका, तुम्हाला म्हणून सांगतो, मी आऊट नव्हतो.