संध्याकाळची परात

मी, मीना दत्ताराम गायकर, माहेरची भोईर, वय वर्षे एकोणसत्तर, राहणार कात्रप, बदलापूर पूर्व, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. मला कोणी धाक घातलेला नाही. घातला असता तर त्याचेही नाव इथे आले असते. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही आणि पुन्हा करण्याची हौस नाही.

कलम १. कात्रपची दोन खोल्यांची सदनिका मी शिवणवर्गाच्या कमाईतून आणि खरवईच्या शेतजमिनीतल्या माझ्या वाट्यातून घेतली. माझे पती हयात नाहीत, मूलबाळ नाही. ही सदनिका मी माझी भाची स्वप्नाली हिला देते. तिचे वडील, म्हणजे माझा धाकटा भाऊ हेमंत, गेली काही वर्षे माझ्याकडे राहतो. त्याला तिथे हयातभर राहण्याचा हक्क राहील.

यावर स्वप्नालीने मला सुचवले होते, “आत्या, सरळ लिहून टाक ना. पप्पा प्यायले तर घराबाहेर. सीधी बात.” मी तसे लिहीत नाही. पिणाऱ्याला धाक घातला की तो पिणे सोडत नाही, लपवायला शिकतो. माझ्या रिळांच्या डब्यात एकदा बाटली निघाली होती, तीसुद्धा नीट चिंधीत गुंडाळून.

जमीन गेली म्हणून हेमंत प्यायला लागला, असे भावकी सांगते. ते खोटे आहे. जमीन विकली तेव्हा तो चांगला मुरलेला होता. माणूस दुःखाने पितो, ही बातमी पिणाऱ्यांनीच पसरवलेली असते. हळदीला पितात तेव्हा कारण कोण विचारतो? मी मात्र एकदा त्याला विचारले. रागाने नाही, खरेच कळावे म्हणून. तो म्हणाला, “ताय, सांज झाली का मना घर खावाला उठतं. तिकरं गुत्त्याव गेलो का कोनतरी ‘ये, बस’ बोलायचा. आता तसा बोलनारा पन कोन नाय. तरी पाय तिकरंच जातान. नाय गेलो तं हात कापतान.”

‘ये, बस’ हे आमच्या बाबांचे शब्द. खरवईच्या घराच्या ओटीवर तिन्हीसांजेला बाबा, कोंडाजी भोईर, मोड आलेल्या वालांची परात मध्ये ठेवत आणि आम्ही सगळे भोवती सोलायला बसत असू. रस्त्याने जाणारा दिसला की बाबा हाक मारत, “ये, बस.” येणारा बसे आणि हातही चालवे. कोणाच्या बांधाचे भांडण, कोणाची म्हैस व्याली, सगळे त्या परातीभोवती कळायचे. हेमंत सगळ्यांत लहान. सोलायचा कमी, बाबांच्या मांडीवर पेंगायचा जास्त. आईने उचलून आत नेले की रडून पुन्हा बाहेर यायचा. आता त्या ओटीच्या जागी एका बिल्डिंगचे पार्किंग आहे. मी तिथून जाताना अजून मान वळवते. मला ती ओटी फार आठवते, आणि मी तर कधी प्यायले नाही.

म्हणून दारू सोडवायला ठेवले होते त्या इस्पितळातून त्याला घरी आणल्यावर मी संध्याकाळी त्याच्यापुढे परात ठेवली. पहिले काही दिवस त्याची बोटे थरथरत, अख्खी डाळिंबी हाती येत नसे. बिरड्याऐवजी आमटीच व्हायची. पुढे हात स्थिरावला. औषध डॉक्टरांचे, संध्याकाळ माझी. मधे दोनदा घसरला, तेव्हाही दुसऱ्या दिवशी परात मांडलीच. रोज एवढे बिरडे खाते कोण, असे कोणी विचारील. सोललेले वाल मी सोसायटीत वाटते. कोणी नको म्हटलेले नाही.

कलम २. शिवणयंत्र, कात्र्या आणि माझ्या पाटल्या हेमंतची पत्नी प्रगती हिला. ती लेकीबरोबर वेगळी राहते. तिने पुरे सोसले आहे. तिने परत यावे असे मी लिहीत नाही आणि कोणी तिला तसे म्हणूही नये.

कलम ३. चुलतभाऊ जयदेव याने वास्तुशांतीला दिलेले सहा काचेचे ग्लास त्याला परत करावेत. हेमंतचे पिणे सुटून वर्ष होत आले होते, तेव्हा स्वतःच्या पुतण्याच्या हळदीला “एका घोटान काय मरतंस काय?” असे भर मांडवात म्हणणारा हाच. ग्लास धुऊन द्यावेत, माझ्याकडून उणे नको.

कलम ४. माझ्या दहाव्याला, तेराव्याला माझ्या नावाने कोणी बाटली काढू नये. काढायचीच असेल तर जयदेवच्या घरी काढावी. ग्लास तिथे पोचलेले असतीलच.

कलम ५. सदनिका घेताना स्वप्नालीने एक करावे. तिन्हीसांजेला बापाजवळ बसावे. उपदेश नको, मोबाईल नको. वकीलसाहेब म्हणाले, “मावशी, ही अट कोर्टात टिकणार नाही.” मी म्हटले, मला ती घरात टिकायला हवी आहे. स्वप्नाली, तुला जमले नाही तर घर तुझेच राहील. मी तुला बांधून घालत नाही, विनवते आहे.

मी जाईन त्या दिवशीही संध्याकाळ होईल. घरात माणसे जमतील, कोणीतरी हेमंतला बाजूला घेऊन जाऊ पाहील. त्याआधी त्याच्यापुढे परात ठेवावी. सुतकात चूल पेटवत नाहीत, पण वाल सोलायला चूल लागत नाही. वाल भिजवून मोड यायला दोन दिवस जातात, म्हणून मी रोज पुढचे घालून ठेवते. मी कधीही गेले तरी दोन संध्याकाळींचे वाल माझ्या हातचे फडक्यात बांधलेले सापडतील.

तिसऱ्या दिवसाचे मात्र, स्वप्नाली, त्याच रात्री भिजत घाल. आणि त्याला हाक मार, “पप्पा, या, बसा.”

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, म्हणून साक्षीदारांसमोर सही करते.

सही: मीना दत्ताराम गायकर

साक्षीदार:
१. सुंदराबाई केणी, शेजारीण (वाल नेणारी)
२. धर्मेश वासवानी, कापड दुकानदार, उल्हासनगर

स्थळ: बदलापूर
दिनांक: १२ डिसेंबर २०२४